सवयीची वाट आणि नवी वाट : सातबाऱ्याच्या पडद्याकडे पाहताना

(शेळगाव, ता. इंदापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. पुनरुक्ती काढली आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न घेतले आहेत.)



आपल्याकडे कवितेवर टीका होते, नाटकावर होते, सिनेमावर तर इतकी होते की सिनेमा पाहायची गरजच उरत नाही. संकेतस्थळावरची टीका मात्र दोन वाक्यांत आटोपते. एक, ‘सर्व्हर डाऊन आहे’. दोन, ‘दिसायला छान केलंय’. पहिलं वाक्य यंत्राबद्दल आहे आणि दुसरं रंगाबद्दल. या दोहोंच्या मध्ये मोठी जागा मोकळी राहते. हे पान कोणी रचलं, कोणासाठी रचलं, समोरच्या माणसाबद्दल काय गृहीत धरून रचलं? या प्रश्नांवर चर्चा व्हायला हवी, कारण संकेतस्थळ हीसुद्धा एक रचना आहे आणि रचनेला टीका लागते.

आम्हाला विषय दिला आहे तो असा : रचनाकाराची कल्पकता आणि वापरणाऱ्याची अपेक्षा यांचा मेळ. शहरात हा विषय निघाला की उदाहरणं येतात ती कपड्यांच्या दुकानांची, विमानाच्या तिकिटांची. इथे ती कशाला आणायची? ऊस आणि डाळिंबाच्या या पट्ट्यात माणसाचं ज्या पडद्याशी खरं काम पडतं तो सातबाऱ्याचा पडदा. पीककर्ज काढायचंय, सातबारा. विमा भरायचाय, सातबारा. भावाभावांची वाटणी, सातबारा. कपड्याच्या दुकानाचं पान कळलं नाही तर माणूस दुसऱ्या दुकानात जातो. सातबाऱ्याला दुसरं दुकान नाही. म्हणून इथे रचना चुकली तर तिची किंमत रचनाकार देत नाही, वापरणारा देतो. कधी पैशात, कधी बुडालेल्या दिवसात, कधी हुकलेल्या मुदतीत.

अपेक्षा येते कुठून

‘वापरणाऱ्याची अपेक्षा’ हा शब्द ऐकला की वाटतं, माणसाच्या मनात काहीतरी इच्छा असते आणि ती पुरी करायची असते. तसं नाही. अपेक्षा म्हणजे बहुतेक वेळा सवय. याकोब निल्सन नावाचे डॅनिश अभ्यासक आहेत, संकेतस्थळांच्या वापराचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. २००० च्या सुमारास त्यांनी एक साधी गोष्ट मांडली : तुमच्या संकेतस्थळावर येणारा माणूस आपला बहुतेक वेळ इतरांच्या संकेतस्थळांवर घालवतो. म्हणजे तो तुमच्या दारात येतो तेव्हा इतर दारांची सवय हातात घेऊनच येतो. शोधायची पट्टी वर असते, बोधचिन्हावर टिचकी मारली की पहिल्या पानावर जाता येतं, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. हाताला ते माहीत झालेलं असतं.

ही सवय मोडली की काय होतं? मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने २०१२ मध्ये विंडोज ८ आणलं आणि त्यातून डाव्या कोपऱ्यातलं ‘स्टार्ट’चं बटण काढून टाकलं. कल्पना नवी होती, धाडसी होती, आणि स्पर्शाच्या पडद्यासाठी तिच्यात अर्थही होता. पण जगभरचे लोक माउस घेऊन रिकाम्या कोपऱ्यात चाचपडत राहिले. वर्षभरात, ८.१ मध्ये, ते बटण परत आलं. तो कोपरा कंपनीचा राहिला नव्हता, वापरणाऱ्यांचा झाला होता, हे तिला उशिरा कळलं.

मग प्रश्न असा येतो की सवयच जर राजा असेल, तर रचनाकाराने करायचं काय? जुन्याची नक्कल? आम्हाला तसं वाटत नाही. आणि याचं उत्तर शोधायला अमेरिकेत जायचीही गरज नाही. आपल्या भिंतीवर ते टांगलेलं आहे.

भिंतीवरचं उत्तर

‘कालनिर्णय’ १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलं. पन्नास वर्षं उलटली. ते पान डोळे मिटून आठवा. महिन्याचे चौकोन, ठसठशीत आकडा, सुट्टी आणि रविवार लाल, आकड्याभोवती तिथी, सण, बाकीचा बारीक मजकूर. पान उलटलं की मागे लेख, पाककृती, भविष्य. ज्या घरात वर्षाला एकही पुस्तक विकत येत नाही त्या घरातही हे येतं. आता पाहा, कल्पकता कुठे आहे? पंचांग ही जाणकाराने वाचायची गोष्ट होती. तिला रोजच्या तारखेच्या चौकोनात बसवणं ही फार मोठी कल्पक उडी होती. पण ती उडी एकदा मारल्यावर त्यांनी दरवर्षी नवी उडी मारली नाही. पुढची पान स्थिर ठेवली, मागची पानं मोकळी सोडली. दर वर्षी नवं वाचायला मिळतं ते मागे. पुढे मात्र संकष्टी जिथे सापडायची तिथेच सापडते.

आणखी एक गोष्ट. त्या चौकोनात लोकांनी स्वतःचं लिहायला सुरुवात केली. दुधाचा हिशोब, गॅसची टाकी लावल्याची तारीख, म्हैस गाभण गेल्याची तारीख. (हशा) हसण्यावारी नेऊ नका. रचना स्थिर राहिली म्हणूनच लोक तिच्यात स्वतःचं घर करू शकले. दर महिन्याला चौकोन हलले असते तर कोणी त्यात दूध मांडलं नसतं.

दुसरं उदाहरण नाटकाच्या जाहिरातीचं. वर्तमानपत्राचं नाटकांचं पान आठवा. नाट्यगृह, वार, वेळ, कलाकार, हे सगळं ठरलेल्या पद्धतीनं येतं, कारण प्रेक्षकाला तेवढंच झटकन हवं असतं. पण नाटकाचं नाव? तिथे कमल शेडगे यांच्यासारखा अक्षरांचा कलावंत आपली सगळी ताकद लावायचा. विनोदी नाटकाचं अक्षर वेगळं, ऐतिहासिकाचं वेगळं, गूढाचं वेगळं. अक्षरावरून नाटकाची जात ओळखू यायची. शेडगे २०२० मध्ये गेले. आम्हाला त्यांच्या कामात मोलाचं वाटतं ते हे, की चार बोटं रुंद जागेत त्यांनी जो स्वैरपणा घेतला, तो ‘दुपारी ४.३०’ या अक्षरांत कधी घेतला नाही. कुठे खेळायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे त्या पानाला बरोबर ठाऊक होतं.

संकेतस्थळवाल्यांचं नेमकं इथेच उलटं होतं. जिथे गप्प बसायचं तिथे ते खेळतात : मेनू हलतो, बटण उडतं, पहिल्या पानावर पाच चित्रं एकामागून एक सरकतात, वर पळती पट्टी, तिच्या शेजारी लुकलुकणारं ‘नवीन’. आणि जिथे खरी कल्पकता लागते, म्हणजे माणूस अडला की त्याला कसं सोडवायचं, तिथे मात्र इंग्रजीत दोन शब्द येतात : ‘इनव्हॅलिड इनपुट’. काय चुकलं, कुठे चुकलं, आता काय करू, काही नाही.

कागदावरचा सातबारा

आता सातबाऱ्याकडे येऊ. त्याच्याकडे आपण कागदपत्र म्हणून पाहतो. आज जरा रचना म्हणून पाहू.

१९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आणि त्याखालचे १९७१ चे नियम, यांनी या कागदाला आजचं रूप दिलं. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाची, किती, कोणत्या धारणेची. गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. दोन नमुने एका कागदावर, म्हणून सातबारा. वर गट नंबर, एका बाजूला क्षेत्र, पोटखराबा, आकार. मध्ये खातेदारांची नावं. दुसऱ्या बाजूला कुळ आणि इतर अधिकार. खाली पिकं.

आमचं निरीक्षण असं की गावातली जुनी माणसं हा कागद वाचत नाहीत, पाहतात. अक्षरओळख बेताची असलेला माणूससुद्धा बोट ठेवून सांगतो, ‘इथं बोजा चढलाय’. त्याला ‘इतर अधिकार’ हा मथळा वाचावा लागत नाही. जागा माहीत असते. जागेलाच अर्थ आला आहे. ही पन्नास वर्षांची लोकांची कमाई आहे, आणि कोणताही रचनाकार या कागदाला हात लावतो तेव्हा तो या कमाईला हात लावत असतो.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये राज्य शासनाने सातबाऱ्याचं रूप बदललं. त्यातले बदल तपासले तर कल्पकता आणि अपेक्षा यांचा एक चांगला पाठच मिळतो. एकच बदल घेऊ. पूर्वी एखाद्याचं नाव कमी झालं, म्हणजे खातेदार मयत झाला किंवा जमीन विकली, तर त्याच्या नावाला कंस व्हायचा. तलाठ्याला, वकिलाला, बँकेच्या माणसाला कंसाचा अर्थ ठाऊक. पण सामान्य माणसाच्या शाळेत कंस म्हणजे काय? कंस म्हणजे जास्तीची माहिती. शाळेत शिकलेला मुलगा सातबारा हातात घेऊन म्हणायचा, आजोबांचं नाव आहे की यात! नव्या रूपात अशा नावावर आडवी रेघ आली. खोडलेलं म्हणजे गेलेलं, हे सांगायला कोणी लागत नाही.

इथे सवय मोडली, आणि तरी ती मोडणं बरोबर होतं. का? कारण मोडली ती मूठभर जाणकारांची सवय, आणि जोडून घेतली ती सगळ्यांची. तसंच दोन खातेदारांच्या नावांमध्ये रेघ आली, लागवडीयोग्य आणि पोटखराब क्षेत्र वेगवेगळं दाखवून खाली बेरीज आली, प्रलंबित फेरफार आहे का ते दिसू लागलं, शेवटचा फेरफार कोणता आणि कधीचा ते कळू लागलं. आणि मुख्य म्हणजे मूळ मांडणी जागच्या जागी राहिली. बोट ठेवणाऱ्या माणसाचं बोट चुकलं नाही. रेमंड लोई नावाचा एक मोठा औद्योगिक रचनाकार अमेरिकेत होऊन गेला; त्याचं सूत्र असं होतं की लोकांना पेलेल तेवढंच, पण तेवढं मात्र पुरतं, पुढचं द्यावं. नव्या सातबाऱ्याने हे बऱ्यापैकी साधलं, असं आमचं मत आहे.

एक उणीव मात्र राहिली, आणि ती लहान नाही. क्षेत्र लिहिलं जातं हेक्टर, आर, चौरस मीटर असं. बोललं जातं एकर-गुंठ्यात. ‘०.४०.००’ पाहिलं की माणूस म्हणतो चाळीस गुंठे, म्हणजे एक एकर. पण आर म्हणजे शंभर चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरच्या किंचित वर. चाळीस आर म्हणजे ४००० चौरस मीटर. एकर ४०४७ च्या जवळ. एकरामागे सुमारे अर्ध्या गुंठ्याचा फरक पडतो. बांधावरच्या भांडणाला अर्धा गुंठा पुरेसा असतो, हे इथे आम्ही सांगायला नको. कायद्याचं एकक बदलू नका, पण खाली बारीक अक्षरात एकर-गुंठ्यातलं क्षेत्र द्यायला काय हरकत होती? ही सजावट झाली नसती. ज्या भाषेत माणूस आपली जमीन मोजतो, त्या भाषेत त्याला उत्तर मिळालं असतं.

पडद्यावरचा सातबारा

कागद चांगला सुधारला. पण त्या कागदापर्यंत पोचायची वाट? १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरले की घरबसल्या उतारा, आणि नुसता पाहायचा असेल तर विनास्वाक्षरीचा फुकट. चावडीवर चकरा मारणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही क्रांतीच होती, आणि ती आधी मान्य करूनच पुढचं बोलायला हवं.

‘महाभूलेख’चं दार उघडलं की बराच काळ आधी विभाग निवडावा लागायचा. अमरावती, नागपूर, नाशिक, पुणे, कोकण, छत्रपती संभाजीनगर. मग जिल्हा, तालुका, गाव, मग गट नंबर. आता विचार करा, शेळगावचा माणूस स्वतःची ओळख कशी सांगतो? मुक्काम शेळगाव, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. आतून बाहेर. पाकिटावरचा पत्ताही आपण असाच लिहितो. पडदा मात्र त्याला बाहेरून आत चालवायचा आणि सुरुवात करायचा महसूल विभागापासून, जो प्रशासनाच्या सोयीचा शब्द आहे. पुणे जिल्ह्याचा माणूस पुणे विभाग ओळखेल. पण सोलापूरच्या किंवा सांगलीच्या माणसाने ‘पुणे’ का दाबायचं? जमीन तर सांगलीत आहे! शंभर वेळा करणाऱ्या सेवा केंद्रातल्या मुलाला ते पाठ असतं. पहिल्यांदा करणाऱ्या आजोबांना नसतं.

यादीच्या क्रमाचंही असंच. अनेक मराठी पानांवर याद्या दिसतात देवनागरीत, पण लागलेल्या असतात इंग्रजी क्रमाने. पुणे जिल्ह्यातले तालुके इंग्रजी क्रमाने लावा : आंबेगाव, बारामती, भोर, दौंड, हवेली आणि मग इंदापूर. सहावा. मराठी वर्णमालेने लावा : आंबेगाव, इंदापूर. दुसरा! स्वरांनंतर व्यंजनं, हे ज्याच्या डोक्यात पहिलीपासून बसलंय तो ‘इ’ वरच शोधणार. भोरनंतर दौंड आणि दौंडनंतर हवेली हे त्याला कोड्यासारखं वाटणार. अक्षरं मराठी आणि शिस्त इंग्रजी, अशी ही अर्धवट मराठी. तिच्यात अडखळलेला माणूस दोष स्वतःला देतो. ‘मला कंप्युटर येत नाही’ असं म्हणतो. खरं तर त्याला वर्णमाला येते आणि पडद्याला येत नाही.

आणि मग शेवटी तो कोडा, चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टंकायची. यंत्रमानवांना थोपवायला हा कोडा असतो, त्याची गरज आम्हाला कळते. पण सगळं पान मराठीत वाचत आलेल्या माणसाला शेवटच्या पायरीवर रोमन लिपीतली वाकडी अक्षरं वाचायला लावायची, लहान लिपी का मोठी हे ओळखायला लावायचं, म्हणजे उंबऱ्यापर्यंत आणून दार लावण्यासारखं आहे. इथे खरी कल्पकता हवी. साधे अंक ठेवा, देवनागरी अंक ठेवा, भ्रमणध्वनीवर येणाऱ्या संकेतांकावर भागत असेल तर तेवढ्यावर भागवा. सुरक्षाही राहील आणि माणूसही आत येईल.

‘ळ’ची गोष्ट

आपल्या गावाच्या नावात ‘ळ’ आहे. हे अक्षर मराठीचं मोठं भूषण, पण यंत्राच्या जगात त्याचे फार हाल झाले. रोमन लिपीत शेळगाव लिहा आणि शेलगाव लिहा, दोन्ही एकच दिसतं. महाराष्ट्रात शेळगावं अनेक आहेत, बुलढाण्याकडे आहे, जळगावकडे आहे, सोलापूर जिल्ह्यात आहे. आणि मराठवाड्यात शेलगाव नावाचीही गावं आहेत. म्हणजे इथे देवनागरी नसेल तर माणूस शब्दशः दुसऱ्या गावात जाऊन पोचतो.

मराठी संकेतस्थळांचा सुरुवातीचा काळ ज्यांना आठवतो त्यांना ठाऊक आहे, की दर वर्तमानपत्राचा फाँट वेगळा असायचा. तो उतरवून घेतला नाही तर बातमीच्या जागी चौकोन आणि चिन्हांची जत्रा. मग युनिकोड आलं. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा देवनागरी फाँट आला, तो र. कृ. जोशी यांनी केला होता. सुलेखनकार, कवी, अक्षरांशी आयुष्यभर खेळलेला माणूस. त्यांची सुलेखनं पाहिली तर अक्षर नाचतं, उसळतं. पण ‘मंगल’ पाहा. शांत, सरळ, कोणाच्या नजरेत न भरणारा. पडद्यावर छोट्या आकारात मजकूर वाचला गेला पाहिजे, जोडाक्षरं तुटता कामा नयेत, एवढंच त्याचं काम. ज्याला नाचवता येतं त्याने न नाचवणं निवडलं. पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’च्या मंडळींनी ‘मुक्त’सारखे फाँट सगळ्यांना मोफत दिले, आणि आज मराठी पान सुबक दिसतं त्यात अशा लोकांच्या अदृश्य श्रमाचा वाटा मोठा आहे. अक्षराचा ‘ल’ मराठी वळणाचा, दोन पाकळ्यांचा हवा की हिंदी वळणाचा उभ्या दंडाचा, यावर शासनाने २००९ मध्ये वर्णमालेबद्दल निर्णय काढला. काहींना तो किरकोळ वाटतो. पण पाटीवर जो ‘ल’ गिरवला तोच पडद्यावर दिसावा, ही अपेक्षा किरकोळ कशी?

आणि हा ‘ळ’ टंकायचा कुठे? इनस्क्रिप्टच्या कळफलकावर तो ‘ल’च्याच कळीवर बसतो, शिफ्ट दाबून. उच्चारानुसारी पद्धतीत मोठा एल दाबावा लागतो. ज्याला हे ठाऊक नाही तो ‘शेलगाव’ टंकतो आणि यंत्र म्हणतं, नोंद आढळली नाही. गावाचं सोडा, ते यादीतून निवडता येतं. पण नावावरून शोधताना आडनाव टंकावंच लागतं. काळे, कुलकर्णी, शेळके, पाटोळे. र्‍हस्व-दीर्घाचे घोटाळे वेगळेच, कारण पन्नास वर्षांपूर्वी ज्याने नोंद घेतली त्याने कानाला आलं तसं लिहिलं. इथे यंत्राने थोडा उदारपणा दाखवला, ‘ल’ टंकलं तरी ‘ळ’ची नावं पुढे करून ‘यांपैकी आहे का?’ असं विचारलं, तर किती लोकांचा दिवस वाचेल! आम्ही कल्पकता म्हणतो ती ही. पडद्यावर ती दिसणारही नाही.

बहार आणि हंगाम

जाता जाता ई-पीक पाहणीबद्दल. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर हे अ‍ॅप सुरू झालं, टाटा ट्रस्टच्या सहकार्याने. नमुना १२ ची नोंद पूर्वी तलाठी करायचा, ती शेतकऱ्याच्या हातात आली. यातली मूळ कल्पना आम्हाला दाद देण्यासारखी वाटते. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. फोटो काढणं ही गोष्ट लोकांना आधीच येत होती. फॉर्म भरणं येत नव्हतं. येणाऱ्या गोष्टीवर न येणारी गोष्ट रचली. उत्तम.

पण पुढे पडदा हंगाम विचारतो, खरीप, रब्बी, संपूर्ण वर्ष. आता हा प्रश्न ज्वारी-बाजरीवाल्याला सरळ आहे. डाळिंबवाल्याला हंगाम विचारा, तो बहार सांगतो : मृग, हस्त, आंबिया. बाग वर्षभर उभी आहे पण त्याचं वर्ष पाणी तोडल्यापासून सुरू होतं. गंमत अशी की शासनाची फळपीक विमा योजना मृग बहार, आंबिया बहार हीच भाषा बोलते. म्हणजे एकाच शेतकऱ्याला एका पडद्यावर हंगामात आणि दुसऱ्यावर बहारात विचार करावा लागतो. दोन खात्यांनी एकमेकांशी न बोलल्याचा भार त्याच्या डोक्यावर. दोन्ही पडदे आपापल्या जागी व्यवस्थित असतील. पण माणूस एकच आहे, आणि त्याच्या मनात बाग एकच आहे.

मग कसोटी कोणती?

इथून जवळच, बेलवाडीला, तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं. वर्षानुवर्षं क्रम ठरलेला. पताकावाले धावतात, तुळशीवाल्या, वीणेकरी, पखवाजवाले, मग अश्व. क्रम बदलला तर लोकांना चालणार नाही. पण म्हणून दर वर्षी तेच रिंगण पाहतो असं कोणी म्हणतं का? ठरलेल्या वर्तुळात जो वेग आणि जोर भरला जातो तो दर वर्षी नवा असतो. वर्तुळ पक्कं आहे म्हणून तर घोडा मोकळा सुटतो.

तेव्हा संकेतस्थळावर टीका करताना आम्ही तीन प्रश्न सुचवतो. पहिला : इथे कोणती सवय मोडली, कोणाची मोडली, आणि बदल्यात काय दिलं? सातबाऱ्याच्या कंसाची रेघ झाली तेव्हा उत्तर स्वच्छ होतं. विंडोजचं बटण काढलं तेव्हा नव्हतं. दुसरा : पान पहिल्यांदा येणाऱ्यासाठी आहे की शंभराव्यांदा येणाऱ्यासाठी? दोघांसाठी असेल तर पहिल्याला हात दिलाय का आणि शंभराव्याची वाट अडवली नाही ना? तिसरा आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा : माणूस चुकला की पान त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतं? सगळं सुरळीत असताना सगळेच गोड बोलतात. चूक झाल्यावर जो शब्द येतो त्यावरून रचनाकाराला समोरचा माणूस दिसत होता की नाही, ते कळतं.

अपेक्षा पुऱ्या करणं म्हणजे कल्पकतेला मुरड घालणं, असं हे भांडण मांडलं जातं. आम्हाला ते खोटं भांडण वाटतं. अपेक्षा नीट समजून घेण्यातच कल्पनाशक्तीचा सगळ्यात मोठा खर्च होतो. लुकलुकणारं बटण कोणालाही सुचतं. शेळगावच्या आजोबांना ‘इंदापूर’ दुसऱ्या ओळीत सापडला पाहिजे हे सुचायला मात्र आजोबा डोळ्यांपुढे आणावे लागतात.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : तुम्ही म्हणता सवय जपा. पण लोक नव्याला सरावतातच की. फोनवरून पैसे द्यायला सगळे शिकले. मग एवढी काळजी कशाला?

उत्तर : शिकले, खरं आहे. पण का शिकले ते पाहा. चौकोनी चित्रासमोर फोन धरला, आकडा टाकला, पैसे गेले. आणि लगेच दुकानदाराच्या खोक्यातून आवाज आला, इतके रुपये मिळाले. देणाऱ्याला खात्री, घेणाऱ्याला खात्री. तो बोलणारा खोका ही आम्हाला मोठी कल्पक गोष्ट वाटते, कारण बाजारात ‘मिळाले बरं का’ असं तोंडाने सांगायची जी रीत होती ती त्याने यंत्रात आणली. लोक नव्याला सरावतात हे बरोबर. पण फायदा लगेच दिसला आणि चुकलं तर कळलं, तरच. आणि किराणा दुकानात रोज सराव होतो. सातबारा माणूस वर्षातून दोनदा काढतो. वर्षातून दोनदा करायची गोष्ट दर वेळी बदलली तर सराव कधी होणार?

प्रश्न : माझी मुलगी संकेतस्थळं बनवायचं शिकतेय. गिऱ्हाईक म्हणतं, काहीतरी हटके पाहिजे. तिने काय करावं?

उत्तर : ताई, तिला सांगा, गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचार : तुमच्याकडे येणारा माणूस सगळ्यात जास्त वेळा काय विचारतो? रोपवाटिका असेल तर तो दर विचारेल, रोपं कधी मिळतील ते विचारेल, रस्ता विचारेल. या तीन गोष्टी पहिल्या पडद्यावर, मोठ्या अक्षरात, सरळ. तिथे हटके काही नको. मग उरलेल्या जागेत खेळ. रोपवाटिकेची गोष्ट सांग, चांगले फोटो लाव, अक्षर सुंदर निवड. आणि पान तयार झालं की ते स्वतःच्या फोनवर नको तपासूस. आजीच्या फोनवर उघड, आजीच्या हातात दे आणि गप्प बस. आजी जिथे थांबेल तिथे तुझं काम बाकी आहे.